धीर पुरे झाला, आता माहिती द्या

महाराष्ट्रात कुणाची टर उडवायची असेल तर गावागणिक पत्ता बदलतो. मुंबईत म्हणतात, याला ठाण्याला पाठवा. पुण्यात म्हणतात, येरवड्याला. आणि कोकणात, कोल्हापुरात, पार सांगलीपर्यंत म्हणतात, याला रत्नागिरीला नेऊन टाका. आम्ही रत्नागिरीकर हा विनोद इतक्या वेळा ऐकतो की आता स्वतःच करतो. लग्नात करतो, स्टाफरूममध्ये करतो, मुलांसमोर करतो. बाहेरगावचा पाहुणा "रत्नागिरी म्हणजे तेच ना, वेड्यांचं?" असं म्हणाला की आम्ही हसून "हो, आणि आंब्यांचं पण" असं उत्तर देतो. मला या विनोदाशी भांडायचं आहे. विनोदाचं वावडं म्हणून नाही, तर या विनोदाची किंमत कोण मोजतं ते मला दिसतं म्हणून.

ती किंमत मोजतो तो माणूस, ज्याला रात्री झोप येत नाही, पाऊस वाढला की ज्याच्या पोटात गोळा येतो, ज्याने महिनोन्‌महिने विचार करून शेवटी कुणा मानसतज्ज्ञाकडे जायचं ठरवलं आहे, आणि जो त्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत जाऊन परत फिरतो. पुण्याच्या माणसालाही पहिल्यांदा जाताना भीती वाटतेच. पण रत्नागिरीच्या माणसाच्या भीतीला गावाचं नाव चिकटलेलं असतं. त्याच्या मनात पहिला प्रश्न "मला बरं वाटेल का" हा नसतो. "म्हणजे मी आता त्यातला झालो का" हा असतो.

हे नाव आलं कुठून? आपल्या गावातलं मनोरुग्णालय १८८६ सालचं. त्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला राज्यावरून उतरवून इथं आणून ठेवलं. पुढे १९२४ पासून सावरकरांनाही इथंच स्थानबद्ध केलं. जी माणसं नजरेआड असलेली बरी, ती ठेवायला सरकारला हे आडबाजूचं बंदर सोयीचं वाटत असावं. मनोरुग्णालय निघालं तेव्हा देशात १८५८ चा कायदा होता, आणि त्या कायद्याला आजार बरा करण्यापेक्षा माणूस कुठं ठेवायचा याची चिंता जास्त होती. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. खाटा ३६५, वर्षाच्या दिवसांइतक्या. तिथं बाह्यरुग्ण विभाग चालतो, माणसं औषध घेऊन घरी जातात, बरी होतात, कामाला लागतात. पण आपल्या डोक्यातलं मनोरुग्णालय अजून १८८६ मध्येच उभं आहे. भिंत, फाटक, आत गेला तो गेला.

आणि त्या भिंतीच्या सावलीत आपण एका वेगळ्याच दुखण्याला उभं केलं आहे, ज्याचा त्या फाटकाशी बहुधा संबंधही येत नाही. इंग्रजीत त्याला ट्रॉमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम. मराठीची पुस्तकं त्याला आघात म्हणतात. मी भाषा शिकवते म्हणून सांगते, हा शब्द आपल्याकडे बाहेरून आणावा लागलाच नव्हता. "तिने धसका घेतला" हे वाक्य आपल्या प्रत्येक आजीच्या तोंडी होतं. उर्दूत त्याला सदमा म्हणतात आणि "सदमा बैठ गया" हे आमच्या घराघरात बोललं जातं. बैठ गया! म्हणजे आला आणि गेला नाही, बसून राहिला. घटना संपली तरी शरीराला ती संपल्याची खबर पोचली नाही, असं जे आजची मानसशास्त्राची पुस्तकं पानंच्या पानं समजावतात, ते आपल्या भाषेला एका क्रियापदात ठाऊक होतं. तेव्हा "ही सगळी अमेरिकेची थेरं" असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या आजीची भाषा आठवावी. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत यादीत हे दुखणं १९८० मध्ये घेतलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. आपण त्याला नाव आधीच दिलं होतं. फक्त त्याचा इलाज करायचा असतो, एवढं लक्षात घेतलं नाही.

धसका घेण्यासारखं आपल्या जिल्ह्यात काय घडलं, हे सांगायची खरं तर गरज नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली, वीसहून अधिक जीव गेले. त्यानंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की धरण खेकड्यांनी पोखरलं. महाराष्ट्र कित्येक दिवस खेकड्यांवर बोलत राहिला. ज्यांनी त्या रात्री पाण्याचा आवाज ऐकला आणि जे अंधारात नावं घेऊन हाका मारत फिरले, त्यांच्या कानात तो आवाज अजून आहे का, हे विचारायला खेकड्यांमधून कुणाला सवड मिळाली नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मंडणगड-दापोलीकडे बापजाद्यांनी लावलेल्या नारळी-सुपाऱ्या आडव्या झाल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनाही तोंडात बोटं घालायला लावील इतकं. त्याच पावसात खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड कोसळली आणि पलीकडे महाडमध्ये तळिये गाव गाडलं गेलं.

या प्रत्येक वेळी पंचनामे झाले. पंचनाम्याचा कागद मी जवळून पाहिला आहे, कारण आपल्याकडे शिक्षकाच्या हातात खडूपेक्षा सरकारी कागदच जास्त वेळ असतो. त्यात भिंत असते. छप्पर असतं. भांडीकुंडी, कपडे, गाय, म्हैस, कोंबड्या असतात. भात किती गुंठे गेलं ते असतं. माणूस दोनच रकान्यांत मावतो, मृत किंवा जखमी. जो वाचला, ज्याला खरचटलंही नाही, पण जो आजही रात्री दोन वाजता उठून दाराच्या फटीत पाणी आलंय का म्हणून हात फिरवून बघतो, त्याला त्या कागदावर जागा नाही. शौर्यकथा मात्र आपण आवडीनं सांगतो. चिपळूणच्या आगारात एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून आगाराची रोकड सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं कौतुक सगळ्या राज्याने केलं, आणि ते करायलाच हवं होतं. पण टाळ्या वाजवून झाल्यावर, "तुम्हाला आता झोप लागते ना?" हा प्रश्न पूरग्रस्तांना विचारायची आपल्याकडे रीत नाही. आपल्याला माणूस एक तर बहाद्दर लागतो, नाही तर वेडा. मधला, घाबरलेला पण शहाणा माणूस कुठे ठेवायचा हे आपल्याला कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्या स्वतः शिकलेल्या, घर सांभाळणाऱ्या, मुलांचा अभ्यास घेणाऱ्या. पूर त्यांच्या घरात शिरला होता. त्यांनी फोनवर वेळ घेतली होती, जायला चार दिवस होते. त्यांनी विचारलं, "टीचर, पहिल्या दिवशी तिथं नक्की काय करतात?"

केवढा साधा प्रश्न! दात काढायला जाताना आपण हेच विचारतो. एमआरआय काढणाऱ्याला आपण सांगतो, मशीन बोगद्यासारखं असतं, ठकठक आवाज येतो, घाबरू नको, अर्ध्या तासात होतं. हजला जाणाऱ्याला तर कपडे कसे नेसायचे इथपासून दगड कुठं वेचायचे इथपर्यंत सगळं शिकवणारी शिबिरं भरतात. पण या बाईंना तोवर ज्याने त्याने काय दिलं होतं? नवऱ्याने सांगितलं, हिंमत धर. आईने सांगितलं, सबर कर. शेजारणीने सांगितलं, वेळ हेच औषध. कुणीतरी सांगितलं, योगा कर. सगळ्यांनी धीर दिला, माहिती एकानेही दिली नाही. मिळून सगळ्यांनी त्यांना असंच सांगितलं की तुझी भीती हा तुझाच दोष आहे, तो तू दाबून टाक.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिल्यांदा उपचाराला जाणाऱ्याची भीती हा दुबळेपणा नाही, ते शहाणपण आहे. ज्या गोष्टीने तुम्हाला मोडलं, ती अनोळखी माणसासमोर उघडायला तुम्ही निघाला आहात. आत काय होणार ते कुणी सांगितलेलं नाही. बाहेर कोण बघेल त्याचा भरवसा नाही. अशा वेळी भीती वाटली नाही तरच काळजी करावी. शिवाय धसक्याचा स्वभावच असा की तो त्या आठवणीच्या आसपास फिरकू देत नाही. उपचार टाळावासा वाटणं हे त्या दुखण्याचंच एक लक्षण आहे. पायाला लागलेल्या माणसाला "लंगडतोस कशाला" असं कुणी विचारत नाही. इथं मात्र आपण नेमकं तेच विचारतो.

म्हणून धीर बाजूला ठेवून मी त्या बाईंना जे सांगितलं, ते इथे लिहिते.

पहिल्या दिवशी चांगला तज्ज्ञ तुमच्याकडून सगळी हकीकत काढून घेत नाही. तो नाव-गाव विचारतो, झोप-जेवण विचारतो, कुठली औषधं चालू आहेत, घरात कोण आहे, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का, हे विचारतो. तुम्हाला यातून काय हवं आहे ते विचारतो. झोप लागावी एवढंच हवं असेल तर तेवढं सांगितलं तरी चालतं. "त्याबद्दल मला आज बोलायचं नाही" हे पूर्ण उत्तर आहे आणि ते ऐकून घेणं हे त्याचं काम आहे. अमेरिकेतल्या ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये या उपचाराचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. या शिस्तीने चालणारा पहिले काही आठवडे त्या रात्रीकडे जातच नाही. तो तुम्हाला छातीत धडधड सुरू झाली की श्वास कसा लांबवायचा, पाय जमिनीला टेकवून "मी आज इथे आहे, ते तेव्हा होतं" हे शरीराला कसं समजवायचं, ते शिकवतो. हे जमलं की मग आठवणीकडे, आणि तेही तुमच्या चालीने.

पुढच्या टप्प्याच्याही ठरलेल्या पद्धती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये अशा दुखण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आघातावर बेतलेली विचार-वर्तन उपचारपद्धती सुचवली आहे आणि ईएमडीआर नावाची, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून आठवणीची धार बोथट करणारी पद्धतही. त्याच सूचनांमध्ये दोन गोष्टी करू नका असंही म्हटलं आहे आणि त्या दोन्ही आपण सर्रास करतो. एक, घटना नुकतीच घडलेली असताना माणसाला एका बैठकीत सगळं ओकायला लावू नका. "बोलून टाक, मोकळी होशील" हा आपला आवडता सल्ला, पण जबरदस्तीने बोलायला लावणं म्हणजे उपचार नव्हे. दोन, नुकत्याच बसलेल्या धक्क्यावर झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या सवयीच्या गोळ्या देत सुटू नका. आपल्याकडे पूर ओसरल्यावर मेडिकलमधून कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर अशा गोळ्या घरोघर पोचतात. मानसतज्ज्ञाकडे जायची लाज वाटते, गोळी मागायची वाटत नाही.

हेही सांगायला हवं की प्रत्येक पूरग्रस्ताला उपचार लागतो असं नाही. बहुतेक माणसं घराच्या, शेजाराच्या, कामाच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. पण महिना उलटून गेला तरी तीच स्वप्नं, तीच दचक, तोच रस्ता टाळणं, माणसांत मन न लागणं चालूच असेल, तर "वेळ हेच औषध" म्हणत बसू नये. काही जखमा वेळेने भरतात, काही वेळेने चिघळतात. कुठली कोणती, हे बघायलाच तज्ज्ञ असतो.

आता त्या बाईंची दुसरी भीती. "नाव लागलं तर?" आपल्या समाजात ही भीती लहान नाही. मुलीचं स्थळ मोडेल. मुलाच्या आखाती नोकरीच्या मेडिकलमध्ये अडचण येईल. उद्या जमिनीचा वाद झाला तर दीर म्हणेल, हिचं डोकं ठिकाणावर नाही, सही चालणार नाही. यावर "लोकांचं काय मनावर घेता" हे उत्तर नाही. लोक आहेत, आणि त्यांच्यातच राहायचं आहे. उत्तर कायद्यात आहे आणि ते कुणी वाचून दाखवत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याचं कलम ३ सांगतं की एखाद्याला मानसिक आजार असल्याचं निदान झालं, एवढ्यावरून तो कायद्याने वेडा ठरत नाही. ते ठरवायचा अधिकार फक्त सक्षम न्यायालयाला. दीर ठरवू शकत नाही. कलम २३ सांगतं की तुमची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यावर बंधन आहे. याला अपवाद आहेत, आणि तेही आधीच माहीत असावेत. कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, किंवा न्यायालयाने मागितलं तेव्हा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं पोक्सो कायद्याने सगळ्यांनाच बंधनकारक आहे. पहिल्याच भेटीत विचारा, "मी इथं बोललेलं कुणाला सांगता, कधी सांगता?" या प्रश्नाला जो गडबडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आणखी एक प्रश्न विचारा: तुमचं शिक्षण काय? मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर, तो औषध लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध लिहीत नाही, तो बोलण्याच्या मार्गाने उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. आठवड्याभराचा कोर्स करून काउन्सेलरची पाटी लावणारे हल्ली वाढले आहेत. भाजी घेताना आपण चार वेळा टोमॅटो दाबून बघतो. मन सोपवताना दोन प्रश्न विचारले तर उद्धटपणा होत नाही.

तिसरी भीती आमच्या घरची आहे, म्हणून ती मलाच बोलायला हवी. "इमान कमजोर आहे म्हणून असं होतं." हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं त्यांनी आपलाच वारसा वाचलेला नसतो. पैगंबर याकूब यांची कथा कुराणात आहे. यूसुफच्या विरहात रडून रडून त्यांची नजर गेली. ते नबी होते. त्यांचं इमान कमजोर होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? ज्या वर्षी हजरत खदीजा आणि अबू तालिब दोघेही गेले, त्या वर्षाला इस्लामच्या इतिहासात दुःखाचं वर्ष असंच नाव आहे. दुःखाला नाव देण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. इलाज करण्याची शिकवण हदीसमध्ये आहे, आणि उंट आधी बांधावा, मग भरवसा ठेवावा, ही शिकवण तर लहान पोरांना पाठ असते. अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेले. त्यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि मनाच्या दुखण्यांचे वेगळे प्रकार मांडले, भीती त्यातच आली. कैरोमध्ये सुलतान कलावूनने १२८४ मध्ये बांधलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांची सोय होती. हजार वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते आज मोहल्ल्यात का कळू नये?

नमाजने मनाला आधार मिळतो, दुआने मिळतो, मी तो रोज घेते. पण आधार आणि इलाज यांत फरक आहे. मधुमेहाला दुआही करतो आणि इन्सुलिनही घेतो, तेव्हा इमान कुठं आड येत नाही. आणि इलाजाऐवजी फक्त मजार, फक्त तावीज, एवढ्यावर माणूस सोपवला की काय होतं, ते ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवलं. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांना पळता आलं नाही. देवऋषी, भगत, उतारा, गाऱ्हाणं करणाऱ्या माझ्या हिंदू शेजाऱ्यांनीही यात आपल्यापुरतं वाचून घ्यावं. या बाबतीत आपण सगळे एकाच होडीत आहोत.

इथवर मी पुराबद्दल जास्त बोलले, कारण पुराला साक्षीदार असतात. पाणी सगळ्यांनी पाहिलं. पण धसक्याची सगळ्यांत मोठी वस्ती चार भिंतींच्या आत असते आणि तिचा पंचनामा करायला तलाठी येत नाही. जिला नवऱ्याच्या चपलेचा आवाज जिन्यावर आला की घाम फुटतो, ज्याला लहानपणी नात्यातल्याच माणसाने छळलं आणि जो आज चाळिशीतही त्या लग्नाला जायचं टाळतो, त्यांना तर "पूर आला होता ना, वाटणारच" एवढीही सवलत मिळत नाही. त्यांना कारणच सांगता येत नाही. अशा माणसाने वेळ घेऊन, रिक्षा करून, त्या दारापर्यंत जाणं ही किती मोठी गोष्ट आहे! आणि तिथून तो परतला, तर त्याला परत धाडणाऱ्यांत आपण सगळे असतो. त्या विनोदासकट.

आता जे टेबलाच्या पलीकडे बसतात, त्यांच्याशी दोन शब्द. डॉक्टरसाहेब, मॅडम, तुमच्या पाटीवर पदव्या असतात, पहिल्या भेटीत काय होईल हे कुठंही नसतं. अर्धं पान मराठीत, अर्धं उर्दूत, भिंतीवर लावायला काय खर्च येतो? आणि भाषेचं बघा. आमच्या बायका घरात आपली कोकणी बोली बोलतात, शाळा उर्दूत शिकलेल्या असतात, मराठी त्यांना बाजारात आणि तहसीलमध्ये भेटलेली असते. त्यांना तुम्ही "आपल्या भावना शब्दांत व्यक्त करा" असं म्हणता, तेव्हा त्यांना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. "जीव घाबरतो" हे त्यांचं निदान आहे. "कलेजा धडधडतो" ही त्यांची केस हिस्ट्री आहे. ते जसं आहे तसं लिहून घ्या. आम्हाला बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्र होतं. पावलोवचा कुत्रा होता, थॉर्नडाइकची मांजर होती, मॅस्लोचा पिरॅमिड होता. पाऊस सुरू झाला की बाकाखाली शिरणाऱ्या मुलाशी काय बोलायचं, हे त्यात नव्हतं. तुमच्या अभ्यासक्रमात ते असेल तर आमच्या शाळांत या आणि सांगा.

आणि सरकार? सरकारकडे कागद कमी नाहीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराविषयीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्येच काढली आहेत. म्हणजे तिवरे धरण फुटलं तेव्हा ती दहा वर्षांची झाली होती. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसं उपचारापर्यंत पोचतच नाहीत. त्या पाहणीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. विम्याचंही तसंच. कायद्याचं कलम २१ सांगतं की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्या. पण विमा बहुधा खाटेवर झोपलेल्या माणसाचा असतो. आठवड्याला तासभर खुर्चीत बसून बोलणाऱ्याला फी खिशातूनच द्यावी लागते, आणि धसक्याचा उपचार तर खुर्चीतच होतो. ज्याचं दुकान पुरात गेलं, त्याने ती फी कुठून आणायची?

एक गोष्ट मात्र सरकारने बरी केली आणि ती आपल्याला माहीत नाही. १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. क्रमांक १४४१६. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. ज्याला दवाखान्याचा जिना चढवत नाही, ज्याला वेटिंग रूममध्ये मावसभाऊ भेटायची धास्ती आहे, त्याने पहिलं पाऊल तिथून टाकावं. हा क्रमांक प्रत्येक एसटी स्टँडवर, प्रत्येक मशिदीच्या आणि देवळाच्या फलकावर, प्रत्येक शाळेच्या दारावर असायला हवा. आपल्या मोबाइलमध्ये हापूसच्या पेटीवाल्याचे तीन नंबर असतात. हा एक असू द्या.

तेव्हा मागणं साधं आहे. पंचनाम्याच्या कागदात एक रकाना वाढवा, "वाचलेल्या माणसांना मानसिक तपासणी हवी का". पावसाळ्याआधी तहसीलदार होड्या आणि दोर मोजतात, तेव्हा तालुक्यात धसक्यावर उपचार करणारी माणसं किती, तेही मोजा. आपल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुठल्या वारी कुठल्या ग्रामीण रुग्णालयात बसतं, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. मौलानांनी एका जुम्याला, कीर्तनकारांनी एका सप्ताहाला या विषयावर बोलावं. अर्धा तास पुरे.

आणि बाकी आपण सगळ्यांनी. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की उद्या पहिल्यांदा जायचंय आणि हातपाय गार पडलेत, तर "घाबरू नकोस" म्हणू नका. म्हणा, भीती वाटणारच. मग सांगा की पहिल्या दिवशी सगळं बोलावं लागत नाही. मधेच थांबता येतं. उठून बाहेर येता येतं. माणूस पसंत नाही पडला तर दुसरा शोधता येतो. सोबत कुणाला न्यायचं ते तूच ठरव. नको असेल तर मी बाहेर बाकावर बसते, आत काय झालं ते विचारणार नाही. आणि त्या दिवशी कुणी "रत्नागिरीला पाठवा" म्हणालं, तर हसू नका. त्याला शांतपणे सांगा, आम्ही रत्नागिरीतच राहतो आणि इथं माणसं बरी होतात.